उजवीकडचा तांबडा कॅलिपर

सुभेदार,

आधी तुमच्यावर रागावतो, बाकीचं मग बोलतो. "ऐतवारी या पाव्हणं, गंमत दावतो" असा फोन करायचा आणि शनिवारी सकाळी चहाचा कप हातात असतानाच मान टाकायची, ही कुठली रीत? कसली गंमत म्हणून मी दोनदा विचारलं. तुम्ही नुसते हसलात. "आल्यावर बगा की. हितनं सांगून काय मजा?" म्हणालात. मी माधवनगरहून पहिल्या एसटीनं निघालो, पण शनिवारीच निघालो, आणि गंमत बघायला नव्हे.

त्या दिवशी लोक तुमच्याविषयी जे बोलले ते खोटं नाही. फौजेच्या गाड्या दुरुस्त करण्यात उमर घातली, घरचा ऊस सांभाळला, कुणाच्या वाकड्यात गेला नाहीत. मला त्यातलं काही सांगायचं नाही. आपण दोघं व्याही. माझी पल्लवी तुमच्या अभिजितला दिली. व्याह्यानं व्याह्याशी किती बोलायचं, किती वाकायचं, हे आपल्याकडं ठरलेलं असतं, आणि मुलीच्या बापानं तर जरा जास्तच वाकायचं. ते सगळं तुम्ही तुमच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये निकालात काढलंत. आपली एक पैज लागली होती. ती बघायला तुम्ही थांबला नाहीत, म्हणून हे लिहायला बसलो.

आमच्या घरात रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरच्या अन्नपाण्याला शिवायचं नाही. आजोबांनी पाळली, वडिलांनी पाळली, मीही पाळणार म्हणून पल्लवीला पहिल्यांदा सोडायला आलो तेव्हा अंगणातच उभा राहिलो. विहीणबाई तांब्या घेऊन आल्या, मी हात जोडले. दुसऱ्या कुणी तिथं तोंड वाकडं केलं असतं. तुम्ही टोपी सारखी केली आणि विचारलंत, "तुमची रीत घराची हाय का आवाराची?"

"घराची," मी म्हणालो.

"मग त्यो शेड काय घर न्हाई. तितं ट्रॅक्टर ऱ्हातो. चला, चा पिऊ."

"चहा घरातूनच येणार की."

"स्टो हाय माझा तितं. पाणी बोअरचं. बोअर काय तुमच्या लेकीचं सासर न्हाई."

मी सांगलीकडचा माणूस, सहसा गप्प बसत नाही, पण त्या दिवशी मुकाट तुमच्या मागं आलो.

शेडमध्ये ट्रॅक्टरच्या पलीकडं ताडपत्रीखाली ती गाडी होती. दोनच माणसांची, बिनछपराची, विलायती. इतकी बुटकी, की आत बसल्यावर शेजारून जाणाऱ्या म्हशीचं पोट दिसावं. तुमच्या फौजेतल्या साहेबानं फ्लॅटमध्ये राहायला जाताना ती तुमच्या हवाली केली होती, विकायची नाही, चालवायची, या अटीवर. गाव हसायचं. लग्नात नवरानवरी बसली तर करवली कुठं बसणार, म्हणायचे. तुम्ही सगळ्यांना ऐकून घ्यायचात आणि परत बॉनेटखाली डोकं घालायचात.

इंजिन तुम्ही केव्हाच जागं केलं होतं. अडत होतं ते ब्रेकवर. पुढच्या दोन चाकांमागं लोखंडी चकत्या, आणि त्या चकतीला दोन्ही अंगांनी चिमटा घेणारा बिडाचा ठोकळा, तो कॅलिपर. दोन्ही कॅलिपर वर्षानुवर्षं उभ्या गाडीत गंजून आवळून बसले होते. मी कापड गिरणीत फिटर होतो. गिरणी गेली, हात राहिले. तुम्ही माझ्या हातात पाना ठेवलात आणि म्हणालात, "बगा बरं, हलतोय का." चहा गार झाला तरी मी खालून उठलो नाही. ज्या दिवशी ओशाळून उभं राहायचं, त्या दिवशी मी तुमच्या शेडमध्ये ग्रीसनं बरबटलो होतो.

मग महिन्यातून दोन ऐतवार माझी साताऱ्याची फेरी ठरलीच. घरी बायको म्हणायची, लेकीला भेटायला चाललेत. पल्लवी म्हणायची, "आबा, मला भेटायला येता का लोखंडाला?" दोघींनाही सांगायचो, दोन्हीला.

तो पिस्टन काढायचा दिवस आठवतोय? कॅलिपरच्या आत अडकलेला पिस्टन हवेच्या दाबानंच निघतो, आणि हवा पंक्चरवाल्याकडं. दोन म्हातारे व्याही, डोक्यावर पांढऱ्या टोप्या, हातात गंजका ठोकळा. तुम्ही बजावलंत, समोर बोटं धरू नका, कापडाची घडी धरा. घडी कशाची, तर विहीणबाईंच्या नव्या टॉवेलची. फटाका उडावा तसा पिस्टन सुटला, टॉवेलमधून आरपार गेला आणि पंक्चरवाल्याच्या पाण्याच्या घमेल्यात पडला. घरी परतताना रस्ताभर तुम्ही टॉवेलचं काय सांगायचं याची तालीम करत होता. पाकिस्तानच्या सीमेवर राहून आलेला माणूस, बायकोसमोर टॉवेल मागं लपवून उभा. मला फार बरं वाटलं होतं ते बघून.

तुमची कामाची पद्धत मी बघत राहायचो. एका पिस्टनवर गंजाचे बारीक खड्डे होते. मी म्हणालो, पॉलिश पेपर मारू, चालतंय. तुम्ही तो उन्हात धरलात, नखानं चाचपलात आणि बाजूला ठेवलात. "चालतंय म्हणून चालवलं, की घाटात थांबत न्हाई." नवा येईपर्यंत पावसाळा गेला, तुम्ही एकदाही चिडला नाहीत. रबरी सील बसवताना मी सवयीनं ग्रीसच्या डब्याकडं हात नेला, तर माझं मनगट धरलंत. साध्या ग्रीसनं ते रबर फुगतं, ब्रेक ऑइलमध्येच बुडवायचं. सांगताना आवाज चढला नाही. मला गिरणीत चुकीबद्दल आईबहिणीवरून ऐकायची सवय होती. असं शिकवणारा मिळाला असता तर मी चार गोष्टी जास्त शिकलो असतो.

पण वाद व्हायचा तो झालाच. कॅलिपर दोन अर्ध्यांचा असतो, मधे बोल्ट. माझं म्हणणं, ते बोल्ट काढायचे, दोन्ही अर्धे वेगळे करून आतनं धुवायचं. उघडलं नाही ते साफ झालं असं मी मानत नाही. तुमचं म्हणणं, पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, अर्धे वेगळे करू नका.

"पुस्तक लिहिणारा माझ्यासारखा गंज काढायला बसला नव्हता," मी म्हणालो.

"पाव्हणं, मॅन्युअल म्हंजे हुकूम. हुकमाला का म्हणून इचारायचं नसतं."

"मी फौजेत नव्हतो."

"म्हणून तर असं हाय."

तीन ऐतवार हेच. शेवटी तुम्हीच तोड काढली. एक कॅलिपर तुम्ही पुस्तकाप्रमाणं करायचा, एक मी माझ्या मनाप्रमाणं. मग सरळ रस्त्यावर जोरात ब्रेक लावायचा. एका बाजूचा ब्रेक कमी धरत असला की गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. गाडी ज्याच्या अंगाला ओढेल तो जिंकला. पंच पल्लवी, कारण ती एकाची लेक आणि एकाची सून. गाडी चालवायला तुम्हीच तिला शिकवलं होतं.

मग उजवा कुणाचा यावरून सुरू झालं. चालवणारा उजवीकडं बसतो, उजवं अंग मानाचं. "पाव्हण्याला उजवा," तुम्ही म्हणायचात. "छे छे, तुम्ही मुलाकडचे, उजवा तुमचाच," मी म्हणायचो. कॅलिपर या हातातून त्या हातात, त्या हातातून या हातात. विहीणबाई बाहेरून ओरडल्या, "लोखंडाचा कसला मानपान करताय वो? भाकरी गार होतीया." तिथं मी जिंकलो. उजवा तुमच्याकडं गेला, डावा माझ्याकडं. तुम्हाला ते आवडलं नव्हतं. "बगून घीन" असं काहीतरी पुटपुटलात.

रंगातही तेच. तुम्हाला पुस्तकातल्यासारखा काळा, मला तांबडा. तुमच्या ब्रशाचं काय सांगू. थिनरनं तीनतीनदा पुसून, पिस्टनच्या तोंडावर, हवा काढायच्या निपलवर कागदी टेप लावून, पातळ हात, वाळवण, परत पातळ हात. मागच्या अंगाला, जिथं आता देवच बघणार, तिथंही तसाच. मी एकदाच भरघोस तांबडा ओढला आणि लांबून बघत राहिलो. तुम्ही माझ्याशेजारी येऊन उभे राहिलात. मग म्हणालात, "पाव्हणं, बेंदूर झाला की कवाच. बैल कुटं हाय?" ओघळ आले होते ते मी पुढच्या खेपेला मुकाट घासून काढले, आणि मग तुमच्यासारखा पातळ हात दिला. तुम्ही बघितलंत आणि बघितलं नाही असं दाखवलंत.

पैजेत काय लावायचं हे ठरायचं होतं. मी म्हणालो, मी जिंकलो तर तुमचाही कॅलिपर तांबडा करायचा. तुम्ही लगेच हो म्हणालात. मग म्हणालात, "आन मी जिकलो तर तुमी घरात यायचं. माझ्या शेजारी बसून जेवायचं."

मी उठलोच. रीत पैजेवर लावायची नसते, म्हणालो. तेव्हा तुम्ही ते बोललात, जे माझ्या घरातही कुणी बोललं नव्हतं. "रागावू नका. तुमी दारात पाणी नको म्हणता, तवा घरातली सगळी पोरीकडं बगत्यात. तीन वर्सं झाली. आमी तिला कवा काय इचारलं न्हाई, इचारणार न्हाई. पर तुमी दर ऐतवारी न बोलता इचारता."

मी टोपी घातली आणि एसटी स्टँडवर आलो. पुढचे दोन्ही ऐतवार आलो नाही. तुम्हाला काय कळतंय आमच्या घरच्या रीतीतलं, असं मनात सगळा रस्ता घोळवत होतो. फोन तुम्हीच केलात. त्या गोष्टीचं नाव नाही. "तांबडा वाळलाय. कवा येताय?" मी आलो, आणि पैज कबूल म्हणालो. मग विचारलं, "आणि सरळ थांबली तर?"

तुम्ही चहाचा घोट घेतलात. "आदी थांबू तर द्या."

पैजेचं बोलणं एवढ्यावरच राहिलं.

दुखवट्याला आलो, अभिजितला टोपी-टॉवेल केला, तेव्हाही अंगणातच बसलो होतो. तेरावा झाल्यावर जावई माझ्याजवळ येऊन बसला. शिरवळच्या कारखान्यात ब्रेकचीच कामं बघतो तो, पोरगं समजूतदार आहे. म्हणाला, "आबा, गाडी पुण्याला पाठवतोय. तिथलं गॅरेज पुढं नवीन ब्रेक बसवून देतंय. आमच्या नानांची आठवण म्हणून गाडी ठेवू, पण जुन्या कॅलिपरवर पल्लवी बसलेली मला नको."

त्याचं चुकत नव्हतं. पण तुमचे हात शेवटचे ज्याच्यावर फिरले ते काढून भंगारात जाणार होतं. लेकीच्या सासरी मी कधी काही मागितलेलं नाही. त्या दिवशी मागितलं. "एकदा हेच लावून बघू. वाकडी थांबली, नीट धरलं नाही, तर तुमच्या मनाप्रमाणं करा. मी शब्द बोलणार नाही."

शेडमध्ये गेलो. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली, पुढची चाकं काढलेली. दोन्ही कॅलिपर तुम्ही शुक्रवारीच बसवून ठेवले होते. आणि उजवीकडं, चालवणाऱ्याच्या अंगाला, तांबडा होता. माझा. तुमचा काळा डावीकडं गेला होता.

गंमत ती ही. मी खाली बसलो आणि रडलो. सांगायला लाज कसली? मानाची जागा मी नाही म्हणत होतो, ती तुम्ही माझ्या माघारी मला देऊन टाकली होती.

डोळे पुसून कामाला लागलो. ब्रेकच्या टाकीत तुम्ही ऑइल भरलं नव्हतं, ते भरलं. आतली हवा काढायला पल्लवी पेडलवर बसली, मी निपलला नळी लावून खाली. "दाब. धर. सोड." तुम्हीच तिला शिकवलेलं, एकदाही चुकली नाही. नळीतून बुडबुडे आले, थांबले. तरी पेडल लिबलिबीतच. परत केलं, परत तेच. पेडल खालपर्यंत जायचं आणि पोकळ लागायचं. अभिजित बराच वेळ हाताची घडी घालून उभा होता. शेवटी हळूच म्हणाला, "आबा, राहू द्या."

मी त्याला उत्तर देणार होतो, तेवढ्यात नळीकडं लक्ष गेलं. नळी खाली लोंबत होती. निपल खालच्या अंगाला होता.

हवा वर जाते. म्हणून निपल वर लागतो. उजव्याचा डावा केला, की तो उलटा होऊन खाली जातो, आणि हवा वर कोंडून बसते, कितीही दाबा. हे मला तुम्हीच पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. मानाच्या जागेकडं बघत मी फुगलो होतो, निपल बघायला डोळे होतेच कुठं?

मी हसायला लागलो. पल्लवी घाबरली, आबांना काय झालं म्हणून पेडलवरून उठली. मला तो ऐतवार जसाच्या तसा दिसत होता. मी येणार, तांबडा उजवीकडं बघून छाती काढून उभा राहणार, आणि मग तुम्ही मागून चहा ओतत म्हणणार, "पाव्हणं, जरा निपल बगा की." टाकी कोरडी का ठेवली होती ते तेव्हा कळलं. मस्करी पुरती होईपर्यंत गाडी हलायला नको, एवढी काळजी घेऊनच केली होतीत.

का खरंच मान दिला होतात, आणि निपलचं नंतर बघू म्हणालात? का दोन्ही? तुम्हाला ओळखतो म्हणून सांगतो, दोन्ही. पण तुमच्या तोंडून ऐकायचं राहिलं.

तुम्ही दिलेला मान मी माझ्याच हातानं उतरवला. तांबडा डावीकडं, काळा उजवीकडं. अभिजितनं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि न सांगता पाने द्यायला लागला. पाना हातात देताना दांड्याची बाजू पुढं करतो, तुमच्यासारखी. मी तसं म्हणालो नाही, त्याला रडू आलं असतं. या खेपेला पेडल वरच घट्ट लागलं, दगडासारखं.

साखर कारखान्याच्या रस्त्यावर सकाळी कुणी नव्हतं. उसाचा हंगाम संपलेला, ट्रॅक्टरांची रांग नाही. पल्लवी चालवायला, मी शेजारी, जावई लांब रस्त्याच्या कडेला उभा. डावीकडं ओढावी असं वाटत नव्हतं, उजवीकडंही नाही. जिंकून दाखवू कुणाला, आणि कुठंही ओढली तर तुमचं काम भंगारात जाणार. वेग आला. मी म्हणालो, "लाव." तिनं स्टिअरिंगवरची बोटं सैल केली, तुम्ही सांगितलं होतं तशी, आणि ब्रेक दाबला.

खाली उतरून मागं बघितलं. रस्त्यावर दोन काळे पट्टे, आखल्यासारखे. अभिजित त्या पट्ट्यांवरून चालत आला, वाकून बघितलं, परत मागं जाऊन बघितलं. "अजून दोनदा," म्हणाला. दोनदा झालं. तेच. मग तो हात झटकत म्हणाला, "राहू दे हेच." रंग तरी एकसारखा करायचा का, विचारलं त्यानं. नको म्हणून पल्लवीच आधी बोलली.

घरी आलो. मी सवयीनं अंगणात थांबलो. पल्लवी आत गेली आणि तांब्या-भांडं घेऊन शेडकडं जायला बाहेर आली. मी चपला काढल्या होत्या. उंबऱ्याजवळ तिची-माझी गाठ पडली.

"आबा, शेड तिकडं हाय," ती म्हणाली.

"ठावं हाय," मी म्हणालो, आणि तांब्या तिच्या हातातून घेऊन आत गेलो.

विहीणबाई उठून उभ्या राहिल्या. मी पाणी प्यायलो. पाणी बोअरचंच होतं, तेच जे शेडमध्ये इतके दिवस पीत होतो. मग पानं वाढली. अभिजितच्या एका बाजूला मी बसलो, दुसरी बाजू मोकळी होती. पल्लवी भाकरी वाढत राहिली, आणि मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

वडील असते तर बोलले असते. त्यांना मी सांगेन काय सांगायचं ते. तुम्हाला मात्र एक स्पष्ट सांगून ठेवतो, सुभेदार, नाहीतर तिकडं सगळ्यांना सांगत सुटाल. मी जेवलो तो पैज हरलो म्हणून नाही. गाडी सरळ थांबली होती.